गणपतीच्या देखाव्यात अणुपाणबुडी, पाटीवर काय लिहू?

पंचवटीकर
मंडळी नमस्कार. नाशिकला आमच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा अरिहंत पाणबुडीचा देखावा ठरवलाय. लाकडी फ्रेम आणि पत्रा, बावीस फूट लांब, एका बाजूने उघडी म्हणजे आतलं सगळं दिसेल. पत्र्याचं काम झालंय, मागचा पंखा फिरायला लागलाय, पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खपतायत. माहितीची पाटी माझ्याकडे आलीय कारण मी बारावीला सायन्सला होतो. अध्यक्षांनी एक मजकूर लिहून दिलाय, त्याचं पहिलंच वाक्य "अणुबॉम्बच्या शक्तीवर धावणारी भारताची पाणबुडी" असं आहे आणि डेकोरेटर म्हणतो अणुभट्टीच्या खोलीत हिरवा लाइट सोडू, भारी दिसेल. मला दोन्ही खटकतंय पण का खटकतंय ते त्यांना नीट सांगता येत नाहीये. रोज हजारभर लोक येतात आमच्याकडे, त्यात निम्मी शाळेतली पोरं, त्यांना चुकीचं काही वाचायला लावून घरी पाठवायचं नाही मला. तर अणुभट्टी पाणबुडी नेमकी कशी चालवते हे सात-आठ ओळीत पाहिजे, आईचा हात धरून आलेल्या सहावीतल्या मुलीला कळेल असं. रविवारी पेंटरला मजकूर द्यायचाय.

सिडकोचा_सोन्या
आधी पत्ता द्या, बघायला येणार.

फिजिक्सवाली
पंचवटीकर, तुमचं खटकणं बरोबर आहे. बॉम्बमध्ये साखळी अभिक्रिया एका क्षणात भडकू द्यायची असते आणि भट्टीत तीच वर्षानुवर्षं एका लयीत चालू ठेवायची असते. एक युरेनियमचा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, त्यातल्या सरासरी एकानेच पुढचा अणू फोडायचा, बाकीचे कंट्रोल रॉडने, पाण्याने, पोलादाने गिळायचे, असा तो हिशेब. रॉड थोडे वर काढले की जोर वाढतो, आत सोडले की थांबतो.

आता पाणबुडी कशी चालते. ही भट्टी फक्त पाणी तापवते. पण ते पाणी उकळू देत नाहीत, हवेच्या दीडशेपट वगैरे दाबाखाली ठेवतात, त्यामुळे तीनशे अंशाच्या आसपास जाऊनही ते पाणीच राहतं. कुकरची शिट्टी कायमची दाबून धरली असं समजा. हे तापलेलं पाणी बारीक नळ्यांमधून जातं, त्या नळ्यांच्या बाहेर दुसरं पाणी असतं, ते उकळतं, त्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन गिअरमधून पंखा फिरवतं. पहिलं पाणी आणि दुसरं पाणी कधीच एकमेकांत मिसळत नाही. मुलांना एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगा. भट्टीला हात लावून आलेलं पाणी भट्टीच्या खोलीतच राहतं, बाहेर येते ती दुसऱ्या पाण्याची वाफ.

एकलहरेकर_काका
मॅडमनी छान सांगितलं. मी ३१ वर्षं एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात टर्बाइनवर काढली, त्यामुळे वाचताना वाटलं अरे हे तर आमचंच घर आहे, फक्त चूल बदललीय. आमच्याकडे कोळसा जाळून नळ्यांमधलं पाणी उकळायचं, पुढे टर्बाइन, त्याखाली कंडेन्सर, वाफेचं परत पाणी, पंप, पुन्हा बॉयलर. कंडेन्सर थंड करायला आम्हाला गोदावरीचं पाणी आणि ते मोठे कूलिंग टॉवर लागायचे, पाणबुडीला सगळा समुद्रच आहे.

पण इंधनाचा हिशेब ऐका, मी रात्री बसून केला. अरिहंतची भट्टी ८३ मेगावॉटची असं सगळीकडे छापून येतं, ही उष्णता बरं का, वीज नाही, लोक तिथेच घोळ करतात. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं की साधारण एक मेगावॉट एक दिवसभर मिळतो. म्हणजे पूर्ण ताकदीने चोवीस तास पळवली तरी ८३-८५ ग्रॅम फुटणार. वजनाला एक मध्यम कांदा, आणि युरेनियम इतकं जड असतं की आकाराला चमचाभर. तेवढीच उष्णता आपल्याकडे येणाऱ्या कोळशातून काढायची तर साडेचारशे टनाच्या आसपास कोळसा, म्हणजे सात-आठ वाघिणी. रोज. आमचा २१० मेगावॉटचा एक संच दिवसाला तीनेक हजार टन खायचा, पावसाळ्यात ओला कोळसा चिकटून बसला की आम्ही बंकरवर घण मारत असायचो, त्या माणसाला विचारा चमचाभर इंधनाचं मोल काय ते.

मिसळपाव_नव्हे_मिसळ
काका कांद्याचं उदाहरण पाटीवर पाहिजेच!! आपल्या जिल्ह्यात लगेच कळेल.

लासलगावकर
कांद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र आहे, २००२ पासून. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणं थांबवतात, आणि २००७ ला अमेरिकेत हापूस गेला तो इथूनच विकिरण होऊन. तरी अजून गावात विचारणारे आहेत की तो कांदा खाल्ला तर अंगात रेडिएशन जातं का. नाही जात. किरण आरपार जातात, मागे काही राहत नाही, टॉर्चचा उजेड पाडला म्हणून कांदा रात्री चमकत नाही. तेव्हा नाशिकला अणू नवीन नाही हे पण लिहा कुठेतरी.

पंचवटीकर
मॅडम, काका, खूप खूप आभार. दोन पाण्यांचं वाचून आमच्या पोरांच्या डोक्यात कल्पना आलीय, पारदर्शक नळ्यांमधून लाल पाणी आणि निळं पाणी वेगवेगळं फिरवायचं, दोन टिल्लू पंप लावून. भट्टीतून फिरणारं लाल आणि टर्बाइनकडे जाणारं निळं. लाइटचं काय करू? हिरवा नको तर कुठला?

फिजिक्सवाली
दोन नळ्यांची कल्पना फार आवडली. लाइट हिरवा अजिबात नको. भट्टीतला खरा उजेड निळा असतो, पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने इलेक्ट्रॉन पळाले की तो दिसतो, चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तुर्भ्याची अप्सरा भट्टी उघड्या पाण्याच्या हौदातली होती, ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आशियातली पहिली, तिच्यात तो निळा उजेड डोळ्यांनी बघता यायचा. पण पाणबुडीतली भट्टी जाड पोलादाच्या बंद भांड्यात असते, बाहेर शिसं, पाणी, पॉलिथिन यांची आवरणं. आत निळा उजेड असेलही, बघणारं कोणी नाही. म्हणून खरं दाखवायचं तर भट्टीच्या खोलीत अंधार ठेवा आणि दार बंद. चालू भट्टीच्या खोलीत माणूस नसतोच.

सिडकोचा_सोन्या
डेकोरेटर रडेल, अंधाराचे पैसे कसे लावणार तो 😄

निवृत्त_नौसैनिक
मी नौदलात पाणबुडीवर होतो, इंजिन रूममध्ये. अणुपाणबुडीवर नाही, जुन्या रशियन फॉक्सट्रॉटवर, डिझेलवाली. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा म्युझियम करून ठेवलीय ना, त्याच जातीची. जे सगळ्यांना माहीत आहे तेवढंच सांगेन, बाकी विचारू नका.

अणुभट्टी का पाहिजे हे ज्याने डिझेलवर दिवस काढलेत त्याला समजवावं लागत नाही. डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही, मग बॅटरीवर जायचं, बॅटरी उतरली की वर येऊन स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिन चालू करायची, बॅटरी भरायची. त्या वेळी सगळं जग तुम्हाला बघू शकतं. आणि समुद्र खवळलेला असला की लाट त्या नळीवरून जाते, नळीची झडप आपोआप बंद होते आणि इंजिन बोटीतलीच हवा ओढायला लागतं. कानात टक्कन बसतं. झोपेतला माणूस उठून बसतो. झडप उघडली की पुन्हा टक्कन. अशी अख्खी रात्र. मी गावी आलो की आईला वाटायचं मला कमी ऐकू येतं, दोन दिवस मोठ्याने बोलायची माझ्याशी. अंगाला डिझेलचा वास इतका मुरलेला की सीबीएसला उतरलो की रिक्षावाला विचारायचा गॅरेजवर आहे का भाऊ. गोडं पाणी मोजून, अंघोळ विसरायची, एका बंकवर आळीपाळीने दोघं झोपायचे, तो ड्यूटीवर गेला की त्याच्या गरम जागेवर मी.

आमच्या बॅचचा एकजण चक्रवर गेला होता, १९८८ ला सोव्हिएत रशियाकडून तीन वर्षांसाठी भाड्याने आणलेली, आपली पहिली अणुपाणबुडी. भेटला तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय सांगितलं असेल तर, अरे रोज अंघोळ करतो आम्ही. भट्टी आहे म्हणजे वीज भरपूर, समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं. अणुपाणबुडीत प्राणवायूसुद्धा पाण्यातूनच काढता येतो, विजेने पाणी फोडून. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यंत्राने शोषून बाहेर टाकायचा. मग वर यायचं कारण उरतं ते धान्य. तीनेक महिन्यांचा शिधा संपला की घरी.

गंगाघाट_सकाळी
निवृत्त काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तिच्या डोळ्यात पाणी आलं. माझा मामा पण नेव्हीत होता.

पुणे_व्हाया_सिन्नर
सगळे अणूचं गुणगान करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. बॅटरीवर चालणारी डिझेल पाणबुडी अणुपाणबुडीपेक्षा शांत असते हे पण खरं आहे. बॅटरीवर असताना तिच्यात फिरणारं फार काही नसतं. अणुभट्टीत पाणी फिरवणारे पंप चालू, टर्बाइन चालू, गिअर चालू, बटण दाबून सगळं गप्प नाही करता येत. माझगाव डॉकला कलवरी वर्गाच्या सहा बांधल्या त्या उगाच नाही. किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात त्याच भारी पडतात. मग एवढा खर्च, एवढी जोखीम कशासाठी? देखाव्यात एकच बाजू दाखवू नका.

निवृत्त_नौसैनिक
सिन्नरकर, बॅटरीवर शांत हे शंभर टक्के मान्य. पण किती वेळ आणि किती वेगाने? जोरात पळवली तर बॅटरी काही तासांत खाली बसते, हळू हळू चालवली तर काही दिवस. अणुपाणबुडी पूर्ण वेगाने महिनाभर पळू शकते. अमेरिकेच्या ट्रायटनने १९६० साली पाण्याखालून पृथ्वी प्रदक्षिणा केली, ६० दिवस २१ तास. नॉटिलस, जगातली पहिली, १९५८ च्या ३ ऑगस्टला बर्फाखालून उत्तर ध्रुवावर गेली. बर्फाखाली स्नॉर्केल कुठे काढणार?

आणि अरिहंतचं काम वेगळंच आहे. आपण पहिलं अण्वस्त्र वापरणार नाही असं २००३ ला जाहीर धोरणात लिहिलंय. मग समोरच्याने आधी हल्ला केला तरी आपलं काहीतरी शिल्लक राहायला पाहिजे, जे त्याला सापडणारच नाही. विमानतळ दिसतो, तळ दिसतो, रस्ते दिसतात. समुद्रात खोल गप्प बसलेली पाणबुडी दिसत नाही. ती वर येत राहिली तर तिचा उपयोगच संपला. म्हणून तिथे भट्टी. कलवरीचं काम कलवरीने करायचं, अरिहंतचं अरिहंतने.

पुणे_व्हाया_सिन्नर
हे पटलं. दोघींची कामं वेगळी आहेत एवढं तरी एका ओळीत घ्या मग.

अंबडचा_गिअरवाला
सिन्नरकरांनी गिअरच्या आवाजाचं काढलं म्हणून लिहितो, माझा धंदाच तो आहे. अंबडला आमचं छोटं वर्कशॉप, हॉबिंग, ग्राइंडिंग, गिअर कटिंगची कामं. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे फिरतं आणि पंखा त्या मानाने अगदी सावकाश फिरवावा लागतो, जोरात फिरला तर पाण्यात बुडबुडे होऊन आवाज होतो, म्हणजे मध्ये भलामोठा गिअरबॉक्स आला. आता गिअरचा दात जराही वाकडा असला, अगदी केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका, की प्रत्येक फेऱ्याला तो दात टिक करणार. कारखान्यात ती शिट्टी नुसती डोकं उठवते. माझा एक गिअरबॉक्स एका गिऱ्हाइकाने तीनदा परत पाठवला होता, काय तर ऊं ऊं असा आवाज येतो. मी वैतागलो होतो, अरे चालतंय ना मशीन. शेवटी दात पुन्हा ग्राइंड केले, एक एक कॉन्टॅक्ट निळ लावून बघितला, कुठे निळ लागते कुठे नाही, आणि तिसऱ्या वेळी आवाज गेला. समुद्रात तोच ऊं ऊं शत्रूच्या सोनारवर, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, तुमचं नाव गाव पत्ता सांगतो. वालचंदनगरच्या कारखान्याने अरिहंतसाठी गिअरबॉक्सचं काम केलं हे पेपरात वाचलं तेव्हा मी दुकानातल्या पोरांना मुद्दाम थांबवून सांगितलं. हलचं, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाचं काम गुजरातेत हजिऱ्याला झालं, जोडणी विशाखापट्टणमला. पाटीवर शास्त्रज्ञांबरोबर एक ओळ फिटर-टर्नर-वेल्डरची पण घाला, त्यांचे हात लागल्याशिवाय ते पाण्यात उतरत नाही.

आणि हो, ही सगळी मशिनरी सरळ हलला बोल्ट करत नाहीत, एका मोठ्या सांगाड्यावर बसवतात आणि तो सांगाडा रबरी माउंटवर तरंगता ठेवतात, म्हणजे थरथर पाण्यापर्यंत पोचत नाही.

एकलहरेकर_काका
गिअरवाले, निळ लावून कॉन्टॅक्ट बघणारा माणूस आजकाल दिसत नाही हो. सलाम.

द्राक्षबागायतदार
मला जरा भीती वाटते म्हणून विचारतो, राग मानू नका. एवढ्याशा डब्यात शंभर माणसं आणि बाजूला भट्टी. काही झालं तर? चेर्नोबिल सगळ्यांना माहीत आहे. "काही होत नाही" असं पाटीवर लिहिणार का तुम्ही?

फिजिक्सवाली
"काही होत नाही" असं लिहू नये, कारण ते खरं नाही. बॉम्बसारखा स्फोट पाणबुडीच्या भट्टीत होत नाही. रोजच्या कामात खलाशांना मिळणारं रेडिएशन जमिनीवरच्या माणसापेक्षा कमी असू शकतं, कारण डोक्यावरचं पाणी अवकाशातून येणारे किरण अडवतं. पण अपघात झालेत. ४ जुलै १९६१, सोव्हिएत रशियाची के-१९ अणुपाणबुडी. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी गळली, दाब गेला. कंट्रोल रॉड आत गेले, साखळी थांबली, पण भट्टी तापतच राहिली आणि थंड करायची दुसरी सोय बोटीत नव्हती. माणसांनी आळीपाळीने त्या खोलीत जाऊन, वेल्डिंग करून पाण्याची नवीन लाइन जोडली. बोट वाचली. आत गेलेल्यांपैकी आठ जण तीन आठवड्यांत गेले.

एकलहरेकर_काका
मॅडम, हा मुद्दा मी सोपा करून सांगतो कारण आमच्या आणि त्यांच्या चुलीत खरा फरक इथे आहे. आमच्याकडे ट्रिप झालं, कोळसा तोडला, ज्वाला विझली की विषय संपला, बॉयलर गरम राहतो पण नवीन उष्णता येत नाही. अणुभट्टी बंद केली तरी फुटलेल्या अणूंचे जे तुकडे आत राहतात ते स्वतःहून तापत राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं. ८३ मेगावॉटचे सात टक्के म्हणजे जवळजवळ सहा मेगावॉट. घरातला दोन किलोवॉटचा गीझर घ्या, असे पावणेतीन-तीन हजार गीझर, आणि बटण बंद करायला कुठे सापडत नाही. तासाभरानेसुद्धा सहाशे गीझर चालूच. फक्त पाणी फिरत ठेवायचं, एवढाच उपाय. म्हणून नवीन भट्ट्यांत पंप बंद पडला तरी गरम पाणी आपसूक वर आणि गार पाणी खाली फिरत राहील अशी रचना करतात. आणि त्याने पंपाचा आवाजही वाचतो, सिन्नरकरांची तक्रार तेवढी कमी.

निवृत्त_नौसैनिक
के-१९ च्या त्या पोरांना नमस्कार. वेल्डिंगला आत जाताना त्यांना माहीत होतं.

एक भर घालतो. नुसती भट्टी बंद पडली तरी जीव जातो. अमेरिकेची थ्रेशर, १० एप्रिल १९६३, खोल चाचणीत बुडाली, १२९ माणसं. पाइपच्या जोडातून पाणी शिरलं असावं, त्याने भट्टी बंद पडली, आणि वर यायला ताकदच उरली नाही, असं चौकशीत मांडलं गेलं. त्यानंतर त्यांनी एकेका जोडाच्या तपासणीचे नियम बदलले. उलट २००० साली रशियाची कुर्स्क टॉर्पेडोच्या स्फोटाने बुडाली, ११८ जण गेले, पण तिच्या दोन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि समुद्रात रेडिएशन सुटलं नाही. पाणबुडीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने आणि आगीने. आम्ही रोज झोपताना तीच भीती घेऊन झोपायचो.

द्राक्षबागायतदार
सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. तपासणी झालेली वस्तू आणि न झालेली यातला फरक आम्हाला औषध फवारणीत कळतो.

नाशिकरोड_एक्सप्रेस
पण इंजिन तर रशियाचंच आहे ना? आपलं काय त्यात? उगाच छाती काढायची.

फिजिक्सवाली
रशियाची मदत झाली, २००९ ला जलावतरणाच्या वेळी पंतप्रधानांनी त्यांचे जाहीर आभार मानले होते, लपवलेलं काही नाही. पण भट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राने बांधली. आधी कल्पाक्कमला जमिनीवर तशीच एक उभी केली, २००६ पासून ती चालवून बघितली, लोक तिथे शिकले. मग २६ जुलै २००९, कारगिल विजय दिन, विशाखापट्टणमला नारळ फोडून अरिहंत पाण्यात उतरली. भट्टीत साखळी सुरू झाली १० ऑगस्ट २०१३ ला. नौदलात दाखल २०१६. पहिली गस्त पूर्ण झाल्याची घोषणा नोव्हेंबर २०१८. दुसरी अरिघात ऑगस्ट २०२४ ला आली. पाण्यात उतरल्यापासून भट्टी पेटेपर्यंत चार वर्षं गेली, यावरूनच काम किती जिकिरीचं ते कळतं. एवढं छोटं यंत्र बनवणं मोठ्या यंत्रापेक्षा अवघड असतं. मोठ्या वीजकेंद्रातल्या आपल्या बहुतेक भट्ट्यांत निसर्गात मिळतं तसंच युरेनियम चालतं, त्यात कामाचं युरेनियम ०.७ टक्के, म्हणून भट्टी अवाढव्य. पाणबुडीत जागा नाही म्हणून इंधन समृद्ध करावं लागतं, म्हणजे त्यातलं कामाचं युरेनियम वाढवावं लागतं. अमेरिका ९० टक्क्यांच्या वर समृद्ध करते, त्यांची नवीन पाणबुडी आयुष्यभर इंधन बदलत नाही. फ्रान्स कमी समृद्ध वापरतो, त्यांना दहाएक वर्षांनी बदलावं लागतं. आज जगात सहाच देश आहेत जे हे चालवतात, आपण त्यातले एक. छाती काढायची ती एवढ्यासाठी.

नाशिकरोड_एक्सप्रेस
ठीक, कल्पाक्कमचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

मिसळपाव_नव्हे_मिसळ
मॅडम तुम्ही आमच्या कॉलेजला का नव्हता 🙏

भद्रकालीची_ताई
सगळं वाचलं. माझं म्हणणं वेगळं आहे, लिहू की नको करत होते. बाप्पासमोर शस्त्र कशाला? पोरांना क्षेपणास्त्र सोडणारी पाणबुडी दाखवायची आणि खाली आरती. झाडं लावा, गोदावरी स्वच्छ करा, असा देखावा केला तर? गंगेवर सकाळी जाऊन बघा काय अवस्था आहे.

पंचवटीकर
ताई, तुमचा प्रतिसाद मी मंडळाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला. दोन वर्षांपूर्वी आम्ही गोदावरीचाच देखावा केला होता आणि अनंत चतुर्दशीनंतर घाटावरची सफाई आमची पोरं दरवर्षी करतात, यंदाही करणार. शस्त्राबद्दल एकमत नाही झालं, पण क्षेपणास्त्राचा भाग काढायचं ठरलंय. फक्त भट्टी, पंखा, राहायची जागा, स्वयंपाकघर. निवृत्त काकांनी लिहिलेला दोघात एक बंक पण करतोय, एक पुतळा झोपलेला आणि एक उठून चाललेला.

भद्रकालीची_ताई
मग मी मुलांना घेऊन येईन.

पंचवटीकर
हा मजकूर बघा, अध्यक्षांना दाखवला, त्यांनी स्वतःहून पहिलं वाक्य खोडलं:

"पाण्याखाली हवा नाही, म्हणून तिथे डिझेल जळत नाही. अरिहंतच्या पोटात अणुभट्टी आहे. ती काही जाळत नाही, अणू फोडून पाणी तापवते. लाल पाणी भट्टीतून फिरतं आणि निळ्या पाण्याची वाफ करतं. दोन्ही पाणी कधी मिसळत नाही. वाफेने चक्र फिरतं, चक्राने पंखा. पूर्ण वेगाने दिवसभर धावायला एका मध्यम कांद्याच्या वजनाचं युरेनियम पुरतं. भट्टी बंद केली तरी तिला थंड ठेवावं लागतं, म्हणून तिथली माणसं सतत जागी असतात. हे यंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी, फिटर, टर्नर, वेल्डरनी बनवलं आणि आपले नौसैनिक ते चालवतात."

एकलहरेकर_काका
उत्तम. "चक्र" ऐवजी टर्बाइनच लिहा, पोरांना शब्द कळू द्या.

निवृत्त_नौसैनिक
"माणसं सतत जागी असतात" हे कोणी घातलं? तेवढी ओळ मोठ्या अक्षरात रंगवा.

फिजिक्सवाली
"युरेनियम पुरतं" ऐवजी "युरेनियम फुटतं" करा. भट्टीत भरलेलं त्याच्या कितीतरी पट जास्त असतं, दिवसाला फुटतं ते एवढं.

पंचवटीकर
दोन्ही केलं, पाटी पेंटरकडे गेली. पण काल रात्री गंमत झाली, नळ्या जोडून पंप चालू केले आणि दहा मिनिटांत निळं पाणी जांभळं. लाल पाणी मिसळलं! जोड गळत होता. आमचा एक बारका पोरगा लगेच म्हणाला दादा पाटी खोटी झाली.

निवृत्त_नौसैनिक
पोरगा हुशार आहे. त्याला सांग, सुरुवातीच्या रशियन अणुपाणबुड्यांना अगदी हाच त्रास होता, त्या बारीक नळ्या गळायच्या आणि रेडिएशन दुसऱ्या पाण्यात यायचं. नळी कापून नवीन बसवा, क्लिप दोन लावा, उलट सुलट तोंडाची. सिलिकॉन फासू नका, सुटतं.

अंबडचा_गिअरवाला
माझ्याकडे पितळी निपल आणि क्लिपा पडल्यात, आज संध्याकाळी घेऊन येतो. काका तुम्ही पण या, तपासणी तुमची.